ड्युटी भरून आणलंय

लातूरला मामांच्या घरी गेलं की आधी पाणी येतं, मग चहा येतो आणि चहाच्या मागोमाग पावती येते. पावती कसली, हे विचारायची गरज पडत नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटातून ती अलगद बाहेर निघते, टीपॉयवरची शेंगदाण्याची वाटी बाजूला सरकते आणि मामा म्हणतात, "वाच. मोठ्यानं वाच." आपण वाचू लागतो. "वरचं राहू दे. शेवटचा आकडा वाच." आपण शेवटचा आकडा वाचतो. मग मामा खुर्चीत मागं रेलतात. "वस्तू केवढ्याची आन् ड्युटी केवढी! लूट आहे का नाही ही? तूच सांग." शब्द सगळे संतापाचे, चेहऱ्यावर मात्र पोरगं बारावीच्या मेरिट लिस्टमध्ये आलेल्या बापाचं तेज.

वस्तू कुठं आहे, असं मध्येच विचारणं त्यांना थोडं आगाऊपणाचं वाटतं. वस्तू दाखवतात, पण नंतर, आणि तीही दुरून.

"बाहेरनं मागवलंय" म्हणणारा एक गृहस्थ हल्ली प्रत्येक गावात असतो. नांदेडला आमच्या ओळखीचे एक डॉक्टर जर्मन सुऱ्या मागवतात. भाजी त्यांच्या घरी अजून विळीवर चिरली जाते. पुण्यातले लोक कॉफी दळायची यंत्रं मागवतात आणि ती किती बारीक दळतात यावर पाऊण तास बोलतात. पण ही मंडळी ड्युटी भरतात, हळहळतात आणि विसरतात. मामा विसरत नाहीत. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलेला माणूस. लातूरसारख्या गावात, जिथं अर्ध्या मार्कासाठी पेपर पुन्हा तपासायला लावतात. आकडा पटल्याशिवाय ते पानवाल्यालाही पैसे देत नाहीत, तिथं भारत सरकारची काय कथा.

निवृत्त झाल्यावर त्यांना फाउंटन पेनांचा नाद लागला. उभा जन्म लाल बॉलपेननं पेपर तपासले, आता जरा शाईनं लिहू, एवढीच सुरुवात. मग कळलं की चांगली निब जपानात होते. मामींचं म्हणणं साधं होतं. "गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. सोळाच्या सोळा रस्त्यांवर पेन मिळतो." गंजगोलाईत पितळी घागरीपासून खराट्यापर्यंत सगळं मिळतं हे मामांनाही मान्य आहे. पण गोलाईतल्या पेनाला ड्युटी नसते.

पहिली निब आली तेव्हा ड्युटीचा हिशोब त्यांना कुणी समजावून दिला नाही. कुरिअरच्या माणसानं आकडा सांगितला आणि पैसे मागितले. मामांनी पैसे दिले, पण त्या रात्री ते झोपले नाहीत. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत कस्टमचे मूल्यांकनाचे नियम त्यांनी असे पाठ केले की आता घरी येणाऱ्या कुणालाही ते शिकवतात. जेवायला बसलेला जावईसुद्धा सुटत नाही.

"समज, निब दोन हजाराची. जपानहून यायचं भाडं अडीच हजार. आता ड्युटी कशावर लागंल?"

"निबेवर."

"चूक. वस्तू, भाडं आन् विमा, तिन्ही मिळून किंमत धरतात."

"पण विमा कुणी उतरवला?"

या प्रश्नाची ते वाटच बघत असतात. "कुणीच नाही! तरी धरायचा. विम्याचा आकडा माहीत नसला तर वस्तूच्या किमतीच्या एक पूर्णांक एकशे पंचवीस सहस्रांश टक्के. झाले साडेबावीस रुपये." ज्या नियमात दशांशचिन्हानंतर तीन आकडे आहेत, त्या नियमाबद्दल मामांना मनातून आदर आहे. सरकारशी त्यांचं भांडण असेल, पण १.१२५ शी नाही.

त्या किमतीवर कस्टम ड्युटी. ड्युटीच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार. इथं ते थोडं थांबतात, कारण २०१८च्या आधी या जागी शिक्षणाचा उपकर होता. "मी रिटायर झालो आन् माझ्या मागं उपकर बी रिटायर झाला." मग किंमत, ड्युटी आणि अधिभार या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी. "म्हणजे काय झालं? करावर कर." हे वाक्य ते फळ्याकडे पाठ करून म्हणावं तसं म्हणतात, समोर भिंत असते, भिंतीवर कॅलेंडर.

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई भाड्यावरून झाली. नियमात एक सवलत आहे: माल विमानानं आला, तर भाडं कितीही असो, वस्तूच्या किमतीच्या वीस टक्क्यांच्या वर ते धरता येत नाही. म्हणजे अडीच हजार भाडं असलं तरी हिशोबात यायला पाहिजेत फक्त चारशे. दोन हजार, चारशे आणि साडेबावीस. एकूण दोन हजार चारशे साडेबावीस. आणि कुरिअरवाल्यांच्या कागदावर धरले होते पूर्ण अडीच हजार! मामांनी ईमेल लिहिला. उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मामांनी दुसरा लिहिला, त्यात नियमाचा क्रमांक. उत्तर तेच. तिसऱ्या ईमेलला त्यांनी हातानं लिहिलेल्या गणिताचा फोटो जोडला, उत्तराखाली दुहेरी रेघ मारून. पैसे परत आले नाहीत. पण पुढच्या पार्सलला भाडं बरोबर वीस टक्के धरलेलं होतं. मामा त्या दिवशी पेढे घेऊन आले. मामींनी विचारलं, किती वाचले? मामा म्हणाले, "पैशाचा प्रश्नच नाही. पोरगं सुधारलं."

दुसरा विषय कुरिअरच्या फीचा. कस्टमची ड्युटी कुरिअर कंपनी आपल्या वतीनं आधी भरून टाकते आणि मग दारात आपल्याकडून घेते. या उपकाराबद्दल ती वेगळी फी लावते आणि त्या फीवर अठरा टक्के जीएसटी. इथं मामांचा आवाज चढतो. "मी तुला म्हणलो होतो का, माझ्या नावानं उसने भर म्हणून? भावकीत कुणी न विचारता उसने भरले, तर आपण व्याज देतो का?" कुरिअरचा पोरगा औसा रोडकडनं उन्हातान्हात आलेला असतो. हेल्मेट काखेत धरून तो ऐकून घेतो. त्यालाही आता सवय झाली आहे. एकदा तो मामींना हळूच म्हणाला, "काकू, सरांचं पार्सल असलं की मी शेवटाला ठेवतो. इथं वेळ लागतो." त्याला पाणी मिळतं, चहा मिळतो आणि सुट्टे पैसे मोजून मिळतात.

केवायसीचा प्रकार वेगळाच. पार्सल मुंबईत अडकलं की फोन येतो, आधार कार्ड पाठवा. मामा पाठवतात, पण विचारतात, "निब मागवलीय. बंदूक मागवली नाही." ट्रॅकिंग तर ते दिवसातनं इतक्या वेळा बघतात की मामी म्हणतात, एवढं लक्ष पोराच्या पहिलीत ठेवलं असतं तर त्याला पाढे आले असते. पार्सल जपानातून निघालं, सिंगापूरला थांबलं, मुंबईत उतरलं, इथवर मामा शांत असतात. "कस्टममध्ये" हा शब्द दिसला की घरात हालचाल सुरू होते. नांदेडला माझ्या आईला फोन येतो. "आक्का, कस्टमात आलंय बग." आई म्हणते, "बरं झालं, सुखरूप आलं." आईला ते कुणीतरी गावाहून आल्यासारखंच वाटतं.

या सगळ्याला घराण्याची परंपरा आहे, असं मामांचं ठाम मत. लातूर आजोबांच्या काळात निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. बार्शी इंग्रजांकडं. म्हणजे बार्शीहून बारक्या रेल्वेनं लातूरला यायचं, तरी माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात यायचा आणि निजामाच्या करोडगिरी नाक्यावर त्याची जकात भरावी लागायची. १८०२ मध्ये इंग्रजांशी झालेल्या व्यापारी करारानं ही करोडगिरी पाच टक्के ठरली होती. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला सरहद्दीवरच्या कॅम्पांतल्या स्वातंत्र्यसैनिकांनी निजामाविरुद्ध हल्ले केले, तेही अनेकदा याच नाक्यांवर. आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, त्या काळात बार्शीहून कापड आणायचे. अंगावरच्या कपड्याला करोडगिरी नाही, असा त्यांचा समज होता. म्हणून ते जाताना एक धोतर नेसून जायचे आणि येताना तीन नेसून यायचे. मे महिन्यात. नाक्यावरचा शिपाई विचारायचा, "मियाँ, इतने मोटे कब हुए?" आजोबा म्हणायचे, "बार्शी का पानी अच्छा है."

ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगितली जाते. बाकीचे हसतात. मामा हसत नाहीत. "अण्णा तीन धोतरं नेसून आले. मी पावती घेऊन आलो," असं म्हणून ते खिशावर हात ठेवतात. घराण्यावर एक पिढी शिल्लक राहिलेली करोडगिरी ते आता फेडत आहेत असं त्यांच्याकडे बघून वाटतं.

पाच टक्क्यांवरून आठवलं. मामांनी एकदा गणिताचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मागवलं. पुस्तकाला जीएसटी नाही, म्हणून ते निर्धास्त होते. पण २०१९च्या जुलैच्या बजेटात बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर पाच टक्के कस्टम ड्युटी लागली. मामांनी ती भरली आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर, जिथं लोक आपलं नाव लिहितात, तिथं पेन्सिलीनं लिहिलं: "५ टक्के. निजामाएवढेच." पुस्तक त्यांनी मला वाचायला दिलं. मी वाचलं नाही, पण पहिलं पान बऱ्याच जणांना दाखवलं.

राखीचं प्रकरण त्यांना विशेष आवडतं, कारण त्यात सरकारचं लिहिणं स्वतःच विनोदी आहे. टोरंटोची धाकटी मावशी दरवर्षी राखीबरोबर चॉकलेटचा डबा पाठवायची. पूर्वी पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू परदेशातून ड्युटीविना यायची. त्या सवलतीच्या आडून लोक ऑनलाइन खरेदी 'गिफ्ट' म्हणून मागवू लागले आणि २०१९च्या डिसेंबरात सरकारनं ती बंद केली. अपवाद ठेवले दोन: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. त्यापुढं कंसात लिहिलेलं मामा कुणालाही म्हणून दाखवतात: राखीसोबतच्या भेटवस्तूंना ही सूट नाही. "म्हणजे बहिणीची माया माफ. चॉकलेटवर ड्युटी. दिल्लीत कुणीतरी अधिकारी बसला असंल, त्यानं डोकं धरून हे लिहिलं असंल. त्यालाही बहीण असंल की ओ." तेव्हापासून मावशी नुसती राखी पाठवते, साध्या पाकिटातून. ती बिनबोभाट येते. कस्टम नाही, फोन नाही, कुरिअरचा पोरगा नाही. पोस्टमन पेटीत टाकून जातो. मामा ती बांधतात, पण राखीपौर्णिमेला पूर्वीची मजा राहिली नाही म्हणतात.

मात्र मामांच्या या विद्येनं एकदा अख्ख्या घराला वाचवलं आहे, हे मान्य करायलाच हवं. तुमचं पार्सल कस्टमनं पकडलंय, पैसे भरा, नाही तर अटक, असे फोन हल्ली सगळ्यांना येतात. भले भले शिकलेले त्यात पैसे घालवून बसतात. मामांना असा फोन आला तेव्हा मी तिथंच बसलो होतो. दिल्ली विमानतळावरून कस्टम अधिकारी बोलतेय म्हणणारी एक बाई होती. मामांनी आनंदानं फोन स्पीकरवर टाकला आणि चष्मा लावला.

"आपके नाम से पार्सल आया है. पैंतीस हजार ड्युटी भरनी पड़ेगी."

"हौ हौ, भरते ना. पैले ये बोलो, कौनसे हेडिंग में डाले? ९६०८ में के ९८०४ में?"

पलीकडं शांतता. "सर, ये कस्टम का मामला है."

"वोइच पूछरौं मैं. पेन होंगा तो ९६०८. घर के वास्ते मँगाया तो ९८०४. डॉलर का क्या रेट पकड़े? भाड़ा बीस टक्का पकड़े के नै?"

"सर, आप पर केस हो जाएगा."

"केस बाद में. पैंतीस हजार, एकदम पूरे? ऊपर सौ-पचास भी नै? ड्युटी ऐसी गोल नै आती, मॅडम. मेरे पास पावत्या हैं, एक में भी नै आई. हिसाब भेजो, मैं तपासता."

फोन कट झाला. मामांनी परत लावला. लागला नाही. अर्धा तास ते अस्वस्थ होते. फसवणारीची तक्रार त्यांनी रीतसर १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदवली, पण खरी खंत वेगळी होती. "एवढा मोठा धंदा करतात आन् हिशोबाची तयारी शून्य. पोरं अभ्यासच करत नाहीत."

मामांचा थोरला न्यू जर्सीत असतो. त्याला दिवाळीचा फराळ जायचा. २०२५च्या ऑगस्टात अमेरिकेनं आठशे डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी बंद केली आणि आपल्या पोस्टानं तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं. मामी चिवड्याचे पोहे निवडून बसल्या होत्या, त्या हिरमुसल्या. ऑक्टोबरच्या मध्यावर पोस्ट पुन्हा सुरू झालं, तर तिकडं ड्युटी पन्नास टक्के. मामांनी त्याच दिवशी लेकाला फोन लावला. "आता भर तू! चकलीवर पन्नास टक्के! आता कळंल बापाला काय होतंय." इतका मोकळा आवाज मी त्यांचा क्वचित ऐकला. लेक म्हणाला, "बाबा, शंभर डॉलरपर्यंतचं गिफ्ट इथं माफ आहे. आईच्या फराळाला काही लागत नाही." मामा जरा वेळ गप्प राहिले. ज्या गोष्टीला आपल्याकडं गिफ्ट म्हणून माफी मिळत नाही, तिला अमेरिकेत मिळते, हे त्यांना पचायला जड गेलं. मागून मामी म्हणाल्या, "बगा, तिकडं चिवड्याला किंमत आहे."

आणि त्याच वर्षी डिसेंबरात थोरला स्वतः आला. येताना वडिलांसाठी पेन घेऊन आला. साधा नाही, जो मामा तीन वर्षं पडद्यावर बघत होते आणि ड्युटीचा हिशोब मांडून बाजूला ठेवत होते, तोच. शर्टाच्या खिशाला लावून आणला होता. मामांनी टोपण काढलं, कागदावर आपली सही केली, खाली एक समीकरण लिहिलं, ते सोडवलं. डोळ्यांत पाणी आलं असं मामी म्हणतात. मामा म्हणतात, शाईचा वास लागला.

मग त्यांनी विचारलं, "कस्टमला काय भरलास?"

"काही नाही. सामानात पन्नास हजारांपर्यंत चालतं. ग्रीन चॅनलनं आलो."

"विचारलं बी नाही कुणी?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्त तहसीलदार आले. पाणी झालं, चहा झाला. मामांनी पेन दाखवला. तहसीलदारांनी तो उलटासुलटा केला, झोकात आहे म्हणाले आणि मामांचा सगळ्यात आवडता प्रश्न विचारला. "काय ड्युटी बसली ओ, सर?"

मामा म्हणाले, "काही नाही."

"हितंच घेतलाव व्हय मग? गोलाईत?"

तो पेन त्यानंतर बाहेरच्या खोलीत आला नाही. रोज पहाटे मामा त्यानंच डायरी लिहितात, हे मला मामींनी सांगितलं. थोरला परत गेल्यावर पंधरा दिवसांनी मामांना शोध लागला की या पेनाला साधी शाई चालणार नाही, निबेत गाळ बसतो. त्याची खास शाई क्योटोत बनते.

परवा फोन आला. "शाई मागवलीय. कस्टममध्ये अडकलीय. केवायसी मागलालेत." आवाज पार बदललेला. आकडा आला का, मी विचारलं. आला होता, त्यांनी स्वतः काढलेल्या आकड्याशी तो एकवीस रुपयांनी जुळत नव्हता, त्यामुळे येणारा आठवडा मजेत जाणार होता. ऑनलाइन भरायची सोय आहे असं कुरिअरवाल्यानं सांगितलंय. मामा मात्र एटीएममधून रोख काढून आले आहेत, आणि एकवीस रुपये सुट्टे वेगळ्या खिशात ठेवले आहेत.